सचखंड एक्सप्रेस (12715/12716): नांदेड–अमृतसर प्रवासाचे नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ही गाडी नेमकी कुठून कुठे जाते? रोज असते का?

हुजूर साहिब नांदेड ते अमृतसर, रोज. नांदेडहून निघणारी 12715, अमृतसरहून येणारी 12716. नांदेडचा गुरुद्वारा तख्त सचखंड श्री हुजूर साहिब आणि अमृतसरचे श्री हरमंदिर साहिब (सुवर्ण मंदिर) ही दोन ठिकाणे जोडते म्हणून तिचे नाव सचखंड. पण गाडीत फक्त यात्रेकरू असतात असे समजू नका. दिल्लीला परीक्षेला निघालेली पोरे, सुट्टीवर येणारे-जाणारे जवान, भुसावळ-भोपाळकडे जाणारे व्यापारी, आग्रा-मथुरा करायला निघालेली कुटुंबे, ब्यासच्या राधास्वामी डेऱ्याला जाणारे सत्संगी असे सगळे याच गाडीत बसतात. मराठवाड्यातून दिल्ली-पंजाबकडे थेट जाणारी रोजची गाडी म्हणून तिच्यावर एवढा भार पडतो.

मार्ग असा: नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, भुसावळ, खंडवा, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा कँट, मथुरा, नवी दिल्ली, अंबाला, लुधियाना, जालंधर, ब्यास आणि अमृतसर. मधले छोटे थांबे वेगळे. अंतर दोन हजार किलोमीटरहून थोडे जास्तच.

किती वेळ लागतो?

एक दिवस, एक रात्र आणि दुसरा जवळजवळ अख्खा दिवस. नांदेडहून सकाळी निघालेली गाडी दुपारपर्यंत मराठवाड्यातच असते, संध्याकाळी खानदेश ओलांडते, मध्यरात्रीच्या आगेमागे भोपाळ आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास दिल्ली. अमृतसर त्याच रात्री. येताना ती अमृतसरहून पहाटे निघते, दुपारच्या सुमारास दिल्ली सोडते आणि दुसऱ्या दिवशी नांदेडला लागते.

मिनिटांचा हिशेब इथे मुद्दाम दिलेला नाही. वेळापत्रकात अधूनमधून दहा-वीस मिनिटांची सरकवासरकव होते आणि जुनी वेळ पाठ असलेला माणूसच गाडी चुकवतो. तिकिटावरची वेळ धरा. आदल्या रात्री एनटीईएसवर (गाडी कुठे आहे ते दाखवणारे रेल्वेचे ॲप) किंवा 139 या रेल्वेच्या हेल्पलाइनवर पुन्हा एकदा पाहा.

नांदेड–अमृतसर नावाची दुसरी पण गाडी आहे म्हणतात. ती कोणती?

आहे, आणि तिने लोकांची चांगलीच फजिती होते. 12421/12422 ही आठवड्यातून एकदा धावणारी सुपरफास्ट. नांदेडहून अमृतसरलाच जाते, पण पूर्णेहून वळून हिंगोली, वाशीम, अकोला या मार्गाने. म्हणजे ती परभणी, जालना, संभाजीनगर, मनमाड इथे येतच नाही. मोबाईलवर घाईघाईत नांदेड–अमृतसर शोधून जी गाडी रिकामी दिसेल तिचे तिकीट काढले जाते, आणि मग माणूस जालन्याच्या फलाटावर उभा राहतो. बुक करण्याआधी गाडी क्रमांक वाचा. हिंगोली-वसमतकडच्या लोकांना मात्र हीच गाडी सोयीची.

दिल्लीपर्यंतच जायचे असेल तर नांदेड–हजरत निजामुद्दीन ही साप्ताहिक मराठवाडा संपर्क क्रांती (12753/12754) पण डोक्यात ठेवा.

स्टेशन शोधताना नाव सापडत नाही. काय टाकायचे?

नांदेडसाठी एनईडी, परभणीसाठी पीबीएन, पूर्णेसाठी पीएयू, मनमाडसाठी एमएमआर, नवी दिल्लीसाठी एनडीएलएस, अमृतसरसाठी एएसआर. जालन्याचा कोड फक्त एक अक्षर, जे. औरंगाबाद स्टेशनचे नाव ऑक्टोबर 2025 मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले आणि कोड सीपीएसएन झाला, त्यामुळे जुना कोड टाकून बसू नका. झाशीही आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी या नावाने दिसते.

रिझर्वेशन किती दिवस आधी काढता येते?

60 दिवस आधी, प्रवासाचा दिवस सोडून. नोव्हेंबर 2024 च्या आधी ही मुदत 120 दिवस होती. घरातली वडीलधारी माणसे अजून "चार महिने आधी काढून ठेव" म्हणतात, ते आता जमत नाही. बुकिंग सकाळी 8 वाजता उघडते. बुकिंग उघडते त्या दिवशी ऑनलाईन तिकीट काढायचे तर आयआरसीटीसीचे खाते आधारने प्रमाणित असावे लागते. हे काम आदल्या आठवड्यातच उरकून ठेवा, कारण सकाळी आठला ओटीपीची वाट पाहत बसलात की स्लीपर संपलेला असतो.

एक बारकावा. हे 60 दिवस गाडी सुरुवातीच्या स्टेशनवरून सुटते त्या तारखेपासून मोजतात. परभणी, जालना, संभाजीनगरकरांना फरक पडत नाही, सगळे त्याच दिवशी येते. पण येताना भोपाळ किंवा भुसावळहून बसणार असाल, तर तुमची चढायची तारीख मध्यरात्रीनंतरची, म्हणजे दुसऱ्या दिवसाची असू शकते, आणि बुकिंग मात्र अमृतसरच्या तारखेने उघडलेले असते. तत्कालचेही तसेच.

तिकीट कधी मिळणे सर्वात अवघड असते?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या आणि दिवाळी हे तर सगळ्याच गाड्यांचे झाले. या गाडीची स्वतःची गर्दी वेगळी आहे: हुजूर साहिबचा दसरा, दिवाळी आणि त्यानंतरचा गुरु-ता-गद्दीचा (गुरु ग्रंथ साहिबांना गुरुपद दिल्याचा) सोहळा, होळीचा होला मोहल्ला. या दिवसांत पंजाबची संगत, म्हणजे शीख भाविक, मोठ्या संख्येने नांदेडला येते. म्हणजे सणाआधी 12716 भरलेली आणि सण झाल्यावर 12715 भरलेली. मराठवाड्यातून वर जायचे असेल तर सणाच्या आधीचे दिवस धरा, कारण तेव्हा रेटा उलट दिशेचा असतो. दसऱ्यानंतर लगेच अमृतसरला जायचा बेत म्हणजे वेटिंगला आमंत्रण. बैसाखीला, म्हणजे 13-14 एप्रिलच्या आसपास, अमृतसरला स्वतःचीच गर्दी असते.

वेटिंगच्या पुढे जीएनडब्ल्यूएल, पीक्यूडब्ल्यूएल, आरएलडब्ल्यूएल असे काय काय छापलेले असते?

या गाडीचे निम्मे प्रश्न इथेच सुटतात, म्हणून जरा सावकाश.

गाडीतल्या सगळ्या बर्थ एकाच ढिगात नसतात, वेगवेगळ्या कोट्यांत वाटलेल्या असतात. गाडी जिथून सुटते तिथून (किंवा त्याच्या जवळून) शेवटपर्यंत जाणाऱ्यांचा जनरल कोटा सर्वात मोठा. त्याचे वेटिंग ते जीएनडब्ल्यूएल, आणि तेच सर्वात भराभर सरकते, कारण रद्द होणारी तिकिटेही त्याच कोट्यात जास्त असतात. मधल्या स्टेशनांच्या लोकांना मिळून एक छोटा कोटा असतो, त्याचे वेटिंग पीक्यूडब्ल्यूएल. मधल्या एखाद्या मोठ्या ठिकाणाच्या स्वतंत्र कोट्याचे वेटिंग आरएलडब्ल्यूएल. हे दोन्ही कोटे लहान, म्हणून वेटिंग 8 दिसले तरी ते जीएनडब्ल्यूएल 30 पेक्षा अवघड असू शकते. नुसता आकडा पाहून "आठच आहे, होऊन जाईल" म्हणणारे यातच फसतात. तत्कालचे वेटिंग टीक्यूडब्ल्यूएल, त्याला आरएसी (अर्धी बर्थ, म्हणजे बसण्यापुरती जागा) मिळत नाही, आणि त्याच्या भरवशावर सामान बांधू नये.

मग जालन्याहून किंवा संभाजीनगरहून बसणाऱ्याने काय करावे?

आधी आपल्याच स्टेशनवरून उपलब्धता पाहा. कन्फर्म दिसत असेल तर प्रश्न मिटला. मधल्या कोट्याचे वेटिंग दिसत असेल तर नांदेड–अमृतसर असे पूर्ण अंतर टाकून पाहा. तिथे जागा असेल तर तिकीट नांदेडपासून काढा आणि बुक करतानाच बोर्डिंग पॉइंट जालना किंवा संभाजीनगर निवडा. भाडे नांदेडपासूनचे पडते, पण रेल्वेचे भाडे अंतर वाढेल तसे किलोमीटरमागे कमी होत जाते. नांदेड ते संभाजीनगर जेमतेम 236 किलोमीटर, त्यामुळे दोन हजार किलोमीटरच्या प्रवासात फरक अंगावर येण्याइतका नसतो. कन्फर्म बर्थसाठी तो द्यावा, हे आमचे स्पष्ट मत.

दोन पथ्ये मात्र पाळा. बोर्डिंग न बदलता नांदेडचे तिकीट घेऊन जालन्याला चढायला गेलात, तर तोवर टीसीने "प्रवासी आला नाही" अशी नोंद करून बर्थ आरएसीवाल्याला दिलेली असू शकते. तिथे भांडून उपयोग नाही, चूक तुमची. आणि बोर्डिंग एकदा जालना केले की मग आधीच्या स्टेशनवरून चढायचा हक्क जातो. ऐनवेळी परभणीच्या पाहुण्यांकडे मुक्काम ठरला तर हे आठवा.

लातूर, बीड, धाराशिवहून कसे यायचे?

लातूरहून परळीमार्गे परभणी गाठा. बीडला सप्टेंबर 2025 मध्ये रेल्वे आली खरी, पण ती अहिल्यानगरच्या बाजूने. सचखंडसाठी बीडकरांना एसटीने जालना किंवा संभाजीनगरच सोयीचे. धाराशिवच्या पश्चिमेकडच्या लोकांनी दौंडमार्गे जाणारी झेलम एक्सप्रेस (11077) पाहावी. ती जम्मूतवीची आहे, अमृतसरला जात नाही, पण लुधियाना-जालंधरकडे जाते. सचखंडसाठी उलटे परभणीला येण्यापेक्षा ते बरे पडते.

एसटीने येणाऱ्यांनी गाडीच्या वेळेआधी किमान दोन तासांची बस धरा. गाडी उशिरा धावते ही तिची खोड असली तरी नांदेड ते संभाजीनगर या पहिल्या टप्प्यात ती बऱ्याचदा वेळेवर असते. "सचखंड ना, येईल निवांत" म्हणणाऱ्यांचे इथेच चुकते.

तत्काल कसे काढायचे?

गाडी सुरुवातीच्या स्टेशनवरून सुटण्याच्या आदल्या दिवशी एसीचे सकाळी 10 वाजता, स्लीपरचे 11 वाजता उघडते. एका पीएनआरवर, म्हणजे एका तिकिटावर, जास्तीत जास्त चार जण. जुलै 2025 पासून ऑनलाईन तत्कालला आधार प्रमाणित खाते लागते आणि ओटीपी येतो. एजंटांना पहिला अर्धा तास बंदी आहे, तेव्हा "आपला माणूस आहे, काढून देतो" या भरवशावर राहू नका. खिडकीवर जात असाल तरी मोबाईल सोबत ठेवा.

एवढ्या लांबच्या प्रवासाला तत्कालचे शुल्क कमाल मर्यादेनेच लागते: माणशी स्लीपरला 200, थर्ड एसीला 400, सेकंड एसीला 500 रुपये, मूळ भाड्याच्या वर. कन्फर्म तत्काल रद्द केले तर पैसे परत मिळत नाहीत. प्रवाशांची नावे-वये आधी आयआरसीटीसी खात्यातल्या मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा आणि पैसे यूपीआयने द्या. कार्डाचा क्रमांक टाकत बसलात की जागा गेली.

वेटिंग तिकिटावर स्लीपरमध्ये बसून गेले तर चालते का?

नाही. ऑनलाईन काढलेले तिकीट चार्टनंतरही (चार्ट म्हणजे सुटण्याआधी बनणारी बर्थवाटपाची यादी) पूर्ण वेटिंगच राहिले तर आपोआप रद्द होते आणि पैसे खात्यात येतात. ते दाखवून प्रवास करणे म्हणजे विनातिकीट प्रवास. खिडकीवरचे वेटिंग तिकीट घेऊनही रिझर्वेशनच्या डब्यात बसता येत नाही, जनरलमध्ये बसावे लागते. आरएसी असेल तर चढा, साइड लोअरवर दोघांना बसायला जागा मिळते आणि कोणी आले नाही तर पुढे बर्थही.

सकाळी सुटणाऱ्या गाडीचा पहिला चार्ट आदल्या रात्रीच तयार होतो. म्हणजे झोपण्यापूर्वी पीएनआर पाहिला की कळते, पहाटे उठून स्टेशनवर जाऊन बोर्ड वाचायची गरज नाही. दुसरा चार्ट सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधी बनतो, तेव्हा रिकाम्या राहिलेल्या एक-दोन बर्थ चालू (करंट) बुकिंगला मिळून जातात.

आई-वडिलांना लोअर बर्थ हमखास कशी मिळेल?

हमखास काही नाही, पण शक्यता वाढवता येते. लोअर बर्थचा वेगळा कोटा आहे: 60 वर्षे व त्यावरील पुरुष, 45 वर्षे व त्यावरील महिला आणि गरोदर महिला यांच्यासाठी. मात्र त्या कोट्यातून एका तिकिटावर एक किंवा दोघेच बसतात. आजी-आजोबांबरोबर तुमचे आणि दोन लेकरांचे नाव त्याच तिकिटावर टाकले की तो कोटा हातचा जातो. म्हणून त्या दोघांचे तिकीट वेगळे काढा आणि तुमचे वेगळे. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, खिडकीवर तिच्यासाठी हुज्जत घालू नका.

बर्थ क्रमांकावरून जागा ओळखायची रीत सोपी आहे. स्लीपर आणि थर्ड एसीत आकड्याला 8 ने भागा. बाकी 1 किंवा 4 उरली तर लोअर, 2 किंवा 5 तर मिडल, 3 किंवा 6 तर अप्पर, 7 साइड लोअर, आणि पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. म्हणजे 41 लोअर, 45 मिडल, 48 साइड अप्पर. एलएचबी (नव्या बनावटीच्या) स्लीपर डब्यात 80 बर्थ असतात, थर्ड एसीत 72. पहिल्या आणि शेवटच्या काही आकड्यांच्या बर्थ दाराजवळ, म्हणजे संडासाजवळ येतात. रात्रभर दार आपटते, झोप हलकी असणाऱ्यांनी टाळा.

मुलांचे तिकीट?

5 वर्षांखाली वेगळी बर्थ नको असेल तर फुकट. 5 ते 12 मध्ये बर्थ हवी तर पूर्ण भाडे, नको तर अर्धे. पस्तीस तासांच्या आसपासच्या प्रवासात दहा वर्षांचे पोर आपल्याच बर्थवर घेऊन झोपायची बचत करू नये.

मोठा जथा किंवा यात्रेचा गट असेल तर?

एका पीएनआरवर सहा जणच. सहा-सहाची वेगवेगळी तिकिटे काढली तर जागा वेगवेगळ्या डब्यांत जातात. मोठ्या गटासाठी रिझर्वेशन उघडायच्या आधीच स्टेशन व्यवस्थापक किंवा नांदेड विभागाच्या वाणिज्य कार्यालयात यादीसह लेखी अर्ज द्यावा लागतो. यादीत नाव, वय, लिंग बरोबर हवे. "नंतर नावे बदलू" हा हिशेब चालत नाही.

जनरल डब्याने जाता येईल का? साधे एक्सप्रेसचे तिकीट चालते का?

गाडी सुपरफास्ट आहे. जनरलच्या तिकिटावरही सुपरफास्टचा अधिभार (सेकंड क्लासला 15 रुपये) भरलेला असावा लागतो. जालना–मनमाडचे साधे तिकीट घेऊन यात चढणारे टीसीला हमखास सापडतात. 200 किलोमीटरपेक्षा कमी अंतराचे जनरल तिकीट काढल्यावर तीन तासांत किंवा त्यानंतरच्या पहिल्या गाडीने प्रवास सुरू करावा लागतो. सकाळी काढून संध्याकाळी वापरता येत नाही.

जालना–भुसावळपर्यंत जनरल ठीक. अमृतसरपर्यंत जनरलने जायचे असेल तर तरुण आणि एकटे असाल तरच, आणि तेही नांदेडहून बसूनच.

गाडी एवढी लेट का होते?

दोन वेगळी कारणे आहेत आणि ती वेगळी समजून घेतली की पुढचा अंदाज बांधता येतो.

पहिले कारण आपल्या घरचे. नांदेड ते मनमाड हा मार्ग मूळचा निजामाच्या काळातला, मीटर गेज. 1990 च्या दशकात तो ब्रॉडगेज झाला, पण मार्ग राहिला एकेरी. त्यातला मुदखेड ते परभणी हा तुकडा आता दुहेरी आहे. परभणी ते संभाजीनगर 177 किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्राची मंजुरी जुलै 2025 मध्ये मिळाली. एकेरी मार्गावर समोरून गाडी येत असेल तर एकीला स्टेशनात बाजूला उभे राहावे लागते, हे क्रॉसिंग. वेळेवर असलेल्या गाडीचे क्रॉसिंग ठरलेल्या स्टेशनात होते. ती वीस मिनिटे चुकली की समोरच्या गाडीची गाठ भलत्याच स्टेशनात पडते, तिथे आणखी पंचवीस मिनिटे जातात, आणि अशी साखळी वाढत जाते. म्हणून 12716 मनमाडला एक तास उशिरा आली तर नांदेडला तो तास कमी होईल अशी आशा धरू नका, वाढायचीच शक्यता जास्त.

दुसरे कारण उत्तरेचे धुके. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत पंजाब, हरियाणा, दिल्ली, मथुरा या पट्ट्यात सिग्नल दिसत नाही इतके धुके पडते. लोको पायलटकडे जीपीएसवर चालणारे फॉग सेफ डिव्हाइस असते, ते पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे ते सांगते, तो लाल आहे की हिरवा ते नाही. म्हणून धुक्यात वेग ताशी 75 किलोमीटरपर्यंतच ठेवायचा नियम आहे, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी असतो. अशा दिवसांत चार-सहा तास उशीर नवलाचा नाही.

पंजाबात रेल रोको असले की गाडी अंबाल्याच्या पुढे वळवली जाते किंवा अलीकडेच थांबवली जाते. बातम्या निघण्याआधी पाहा.

पुढे दुसरी गाडी किंवा विमान पकडायचे असेल तर किती मोकळा वेळ ठेवावा?

उन्हाळ्यात-पावसाळ्यात दिल्लीला किमान चार तास. धुक्यात एक अख्खी रात्र. दुपारी सचखंडने दिल्ली आणि तिथून संध्याकाळचे विमान, हा जानेवारीतला बेत करूच नका. पुढचा प्रवासही रेल्वेनेच असेल तर दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडून घ्या. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तर परताव्याचा दावा करता येतो, नुसती वेगवेगळी तिकिटे असतील तर नाही.

गाडी खूप लेट असेल तर पैसे परत मिळतात का?

तुम्ही चढणार त्या स्टेशनवर गाडी तीन तासांहून जास्त उशिरा येत असेल आणि तुम्ही प्रवास केलाच नाही, तर पूर्ण परतावा. पण गाडी तुमच्या स्टेशनवरून सुटण्याआधी टीडीआर (परताव्याचा दावा) दाखल करावा लागतो. गाडी गेल्यावर केलेला दावा फेटाळला जातो. गाडीत चढून पुढे उशीर झाला तर परतावा नाही.

या गाडीत लंगर मिळतो हे खरे का?

खरे आहे. वाटेतल्या काही स्टेशनांवर स्थानिक गुरुद्वाऱ्यांचे सेवादार बादल्या, डेग घेऊन फलाटावर उभे असतात आणि प्रवाशांना वाढतात. नवी दिल्ली आणि ग्वाल्हेरजवळचे डबरा इथे दोन्ही फेऱ्यांना, त्याशिवाय भोपाळ, परभणी, जालना, संभाजीनगर ही ठिकाणे. प्रत्येक ठिकाणी दोन्ही फेऱ्यांना मिळेलच असे नाही. कढी-भात, डाळ, छोले, खिचडी, बटाट्याची भाजी असे साधे जेवण असते. जात-धर्म, तिकिटाचा वर्ग कोणी विचारत नाही आणि पैसे मागत नाही.

व्यवहाराच्या गोष्टी अशा. थांबा थोडा असतो, म्हणून स्वतःचे ताट, वाटी किंवा डबा हातात तयार ठेवा. या गाडीचे नेहमीचे प्रवासी घरून भांडी घेऊनच निघतात. गाडीतून उतरून रांगेत लांब जाऊ नका, आपल्या दाराशी राहा. दोन्ही हात पुढे करून घ्या, डोक्यावर रुमाल किंवा पदर घेतला तर बरे दिसते. खाऊ तेवढेच घ्या. आणि सगळा प्रवास लंगरच्या भरवशावर करू नका: गाडी उशिरा असली, रात्र झाली, की घरची शिदोरीच कामाला येते.

मग शिदोरीला काय न्यावे?

दशम्या आणि धपाटे दोन दिवस टिकतात, पाण्याऐवजी दुधात पीठ मळले तर आणखी मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ, लोणचे. भाकरी पहिल्या दिवशीच संपवा, दुसऱ्या दिवशी ती वातड होते. ओल्या नारळाची चटणी आणि कांदा घातलेली भाजी उन्हाळ्यात भोपाळच्या पुढे जात नाही. गाडीला पँट्री कार आहे. पाणी रेल नीर या रेल्वेच्या स्वतःच्या ब्रँडचेच मागा, लिटरची बाटली 14 रुपयांना. जास्त मागितले तर 139 वर किंवा रेलमदत या रेल्वेच्या तक्रार ॲपवर तक्रार करा, डबा आणि बर्थ क्रमांक द्यायला विसरू नका. पुढच्या स्टेशनवर हॉटेलचे जेवण हवे असेल तर आयआरसीटीसीच्या ई-केटरिंगवरून मागवता येते, पण गाडी लेट असेल तर जेवण थंडच मिळणार.

सामान किती नेता येते?

फुकट मर्यादा माणशी: स्लीपर आणि थर्ड एसी 40 किलो, सेकंड एसी 50, फर्स्ट एसी 70, जनरल 35. छोट्या थांब्यावर गाडी मिनिट-दोन मिनिटेच थांबते. तीन मोठ्या बॅगा आणि एक गाठोडे घेऊन डबा शोधत धावण्यापेक्षा दोन सुटसुटीत बॅगा ठेवा, आणि आपला डबा कुठे लागतो ते आधी विचारून तिथेच उभे राहा.

थंडीत काय न्यावे?

मराठवाड्यातून निघताना स्वेटरचीही गरज वाटत नाही, आणि तिथेच गणित चुकते. जानेवारीत अमृतसरला रात्री पारा चार-पाच अंशांवर येतो, दिवसाही धुक्यामुळे ऊन पडत नाही. स्लीपरमध्ये अंथरूण-पांघरूण मिळत नाही. एक जाड ब्लँकेट, एक अंथरायला चादर, कानटोपी, मोजे हवेतच. ब्लँकेट बॅगेच्या तळाशी नको, दुसऱ्या पहाटे झाशी-ग्वाल्हेरलाच ते काढावे लागते. एसीत पांघरूण मिळते, तरी वृद्धांसाठी एक शाल जास्तीची घ्या.

रात्री कोणते नियम पाळायचे?

मिडल बर्थ रात्री 10 ते सकाळी 6 एवढाच वेळ उघडायची. त्याआधी लोअरवाल्याला बसायचा हक्क आहे, त्यानंतर झोपायचा. मोबाईलची चार्जिंग सॉकेटे रात्री 11 ते पहाटे 5 बंद असतात, फोन आधीच भरून घ्या. बॅगेला साखळी-कुलूप लावा.

येताना दिवसा अमृतसर ते दिल्ली या पट्ट्यात स्लीपरमध्ये थोड्या अंतराचे प्रवासी येऊन बसतात. थोडे सरकून बसणे वेगळे आणि बर्थच बळकावणे वेगळे. दुसरे झाले तर वाद न घालता टीसीला किंवा 139 ला कळवा.

सचखंड मिळालीच नाही तर पंजाबला जायला दुसरी वाट?

मनमाड. तिथून पंजाब मेल (12137) फिरोजपूरला, झेलम लुधियाना-जालंधरकडे, आणि मुंबईहून येणारी 11057 थेट अमृतसरला जाते. दिल्लीपुरते हवे असेल तर कर्नाटक एक्सप्रेस (12627) आणि गोवा एक्सप्रेस (12779). मराठवाड्यातून मनमाडला सकाळ-संध्याकाळ गाड्या आहेत. दोन तिकिटांचे भाडे एकापेक्षा जास्त पडते आणि मनमाडला फलाटावर काही तास काढावे लागतात, पण कन्फर्म बर्थवर पोहोचता.

अमृतसरला रात्री उतरल्यावर राहायचे कुठे?

हरमंदिर साहिब स्टेशनपासून साधारण दोन किलोमीटर. परिसरात श्री गुरु रामदास निवासासारख्या सराया आहेत, पण गाडी उशिरा पोहोचली तर रात्री खोली मिळेलच असे नाही. लेकरे आणि वृद्ध सोबत असतील तर पहिल्या रात्रीपुरती स्टेशनजवळ खोली ठरवून ठेवा. जालियनवाला बाग हरमंदिर साहिबपासून चालत पाच मिनिटांवर. अटारी सीमा सुमारे 30 किलोमीटर, तिथला संध्याकाळचा सोहळा पाहायचा तर दुपारीच निघावे लागते.

परतीच्या तिकिटात लोक कुठे चुकतात?

पहाटेच्या तारखेत. 12716 पहाटे निघते, म्हणजे 15 तारखेचे तिकीट असेल तर 14 च्या रात्रीच आवराआवर करून झोपायचे. "15 ला रात्री निघू" असे समजून 15 चा दिवस अटारीला घालवणारे दर सुट्टीत सापडतात, आणि तोवर त्यांची गाडी दिल्लीच्या पुढे गेलेली असते. परतीचे तिकीट जातानाच्या तिकिटाबरोबर एकाच दिवशी निघत नाही, कारण 60 दिवसांची मोजणी प्रत्येक तारखेची वेगळी. पाच दिवसांचा बेत असेल तर परतीचे बुकिंगही पाच दिवस उशिराच उघडणार. ती तारीख मोबाईलमध्ये गजर लावून ठेवा, सकाळी 7.45 चा.